मराठी कोश शब्दापाशी उघडू द्या : कोशसंस्थांना खुले पत्र

प्रति,
मराठी शब्दकोशांचे संपादन, प्रकाशन व जतन करणाऱ्या सर्व संस्थांचे विश्वस्त, कार्यवाह आणि संपादक मंडळे यांस

विषय : संगणकाच्या पडद्यावरील मराठी शब्दाचा अर्थ जागच्या जागी पाहता यावा, यासाठी आपले कोश फाइलरूपाने आणि शब्दरूपांच्या यादीसह उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तीन भाषांमधील कागदपत्रांचे अनुवाद करणे हा माझा गेल्या बावीस वर्षांचा व्यवसाय आहे आणि दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर मी नऊ-दहा मुलांचा मराठी वाचनाचा वर्ग घेते. मुले मराठी घरांतलीच आहेत, परंतु त्यांच्या शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या आहेत. आजीशी बोलण्यापुरती मराठी त्यांना येते; छापील मराठी समोर आली की ती दर दुसऱ्या ओळीला अडखळतात. व्यवसाय आणि वर्ग या दोन्ही ठिकाणी मला दिवसभरात अनेकदा शब्दकोश पाहावा लागतो, आणि दोन्ही ठिकाणी एकच अडचण वर्षानुवर्षे समोर येते. म्हणून हे पत्र खुलेपणाने लिहीत आहे. ते कोणा एका संस्थेला उद्देशून नाही.

संगणकावर वाचताना अडलेल्या शब्दाचा अर्थ तेथेच पाहण्याची सोय आता जुनी झाली आहे. मी गोल्डनडिक्ट नावाचे मोफत सॉफ्टवेअर वापरते. ते विंडोजवर चालते, तसेच लिनक्सवरही चालते. वाचत असलेल्या पानावरचा शब्द माउसने निवडायचा, कंट्रोलची कळ दाबून धरून सी दोन वेळा दाबायचा, की शब्दाच्या शेजारीच एक लहान खिडकी उघडते आणि संगणकात ठेवलेल्या सगळ्या कोशांमधले अर्थ एकाखाली एक दिसतात. इंटरनेट नसले तरी चालते, कारण कोशांच्या फाइली आपल्याच संगणकात असतात. ॲपलच्या संगणकांवर अशीच सोय मुळातच दिलेली असते. शब्दावर बाण नेऊन ट्रॅकपॅडवर तीन बोटे टेकवली की पुरते. डोळे ओळीवरून हलत नाहीत, वाक्याचा धागा तुटत नाही आणि अर्थ कळताच वाचन पुढे सुरू होते. शब्दकोश उघडण्याचा आळस हा वाचनाचा मोठा शत्रू आहे असे मी वर्गात नेहमी सांगते, आणि या सोयीने तो आळस खरोखरच संपतो, हे मी इंग्रजीच्या बाबतीत रोज पाहते.

मराठीच्या बाबतीत मात्र काय घडते, ते एका रविवारच्या प्रसंगावरून सांगते.

आठवीतली एक मुलगी माझ्या संगणकावर एक गोष्ट वाचत होती. वर्गासाठी ती मीच लिहिली होती. त्यात वाक्य असे होते : ‘पावसाचे पाणी देवळाच्या ओवरीत शिरले होते आणि उसंत मिळताच गुरव ते उपसू लागला.’ स्वामित्वहक्क संपलेल्या एका जुन्या कोशावरून स्वतः टंकून तयार केलेली सुमारे चार हजार शब्दांची फाइल मी गोल्डनडिक्टमध्ये घातलेली होती आणि या वाक्यातले अवघड शब्द त्या फाइलमध्ये आहेत याची मला खात्री होती. मुलीने ‘देवळाच्या’ निवडला. खिडकी रिकामी आली. ‘ओवरीत’ निवडला, पुन्हा रिकामी. ‘उसंत’ मात्र सापडला, आणि तिचा चेहरा उजळला. मग ‘उपसू’ निवडला, आणि खिडकी परत रिकामी. तिने माझ्याकडे वळून विचारले, “काकू, हे शब्द मराठीत नाहीत का?”

शब्द मराठीत होते आणि माझ्या फाइलमध्येही होते. फाइलमध्ये ‘देऊळ’ होते, ‘ओवरी’ होती, ‘उपसणे’ होते. ‘उसंत’ सापडला तो केवळ त्या वाक्यात त्याला प्रत्यय लागलेला नव्हता म्हणून. त्याच मुलीने अर्ध्या तासाने इंग्रजी पानावर ‘वेन्ट’ हा शब्द निवडला, तेव्हा त्याच खिडकीने तिला विनातक्रार ‘गो’ या शब्दापाशी नेऊन सोडले. तिने काहीच म्हटले नाही, पण तिच्या मनात दोन भाषांची जी तुलना त्या क्षणी झाली असेल, ती मला अस्वस्थ करून गेली.

हा दोष त्या सॉफ्टवेअरचा नाही. मराठी शब्द वाक्यात उतरताना मूळ रूपात क्वचितच राहतो, आणि आपले कोश फक्त मूळ रूप देतात. ‘देऊळ’ला प्रत्यय लागला की ‘ऊ’चा ‘व’ होतो आणि मग देवळाला, देवळाने, देवळात, देवळातून, देवळाचा, देवळाची, देवळांना अशी रांग लागते. तिच्यामागून देवळापाशी, देवळासमोर, देवळामागच्या, देवळापासूनच, देवळाकडूनसुद्धा ही दुसरी रांग येते, कारण शब्दयोगी अव्यये आपण जोडून लिहितो. पाऊस–पावसाने, भाऊ–भावाला, ऊस–उसाचा, मूल–मुलाला, विहीर–विहिरीत : प्रत्येक ठिकाणी शब्दाचे अंग बदलते, त्यामुळे शेवटची दोन-तीन अक्षरे खोडून मूळ शब्द मिळत नाही. ‘विहिरीत’मधला ‘त’ काढला तर ‘विहिरी’ उरते. कोशात ‘विहीर’ आहे. क्रियापदांत तर ओळखीची खूणही राहत नाही. ‘गेला’वरून ‘जाणे’ आणि ‘झाली’वरून ‘होणे’ गाठणे हे ज्याला मराठी आधीपासून येते त्यालाच जमते, आणि ज्याला मराठी आधीपासून येते त्याला हे शब्द कोशात पाहण्याची गरजच नसते. कोशाची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे, त्याच्यासमोरच कोशाचे दार बंद राहते.

यावर उपाय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. स्टारडिक्ट नावाची कोशफाइलींची एक खुली पद्धत आहे आणि गोल्डनडिक्ट ती वाचते. या पद्धतीत मुख्य कोशाबरोबर पर्यायी रूपांची एक वेगळी फाइल जोडता येते. ‘देवळात’, ‘देवळाच्या’, ‘देवळापाशी’ ही सगळी रूपे त्या फाइलमध्ये ‘देऊळ’कडे बोट दाखवणारी नोंद म्हणून राहतात. दुसरा मार्ग नियमांचा आहे. गोल्डनडिक्ट शब्दाचे मूळ शोधण्यासाठी हंस्पेल या शुद्धलेखन तपासणीच्या यंत्रणेचे नियम वापरू शकते. ही यंत्रणा लास्लो नेमेथ यांनी मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार केली, आणि हंगेरियन हीसुद्धा शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडत जाणारी भाषा आहे. आपल्या भाषेच्या स्वभावाशी जुळेल असे साधन जगात तयार होऊन पडलेले आहे, एवढेच मला सांगायचे आहे. त्यात भरायचे ज्ञान मात्र सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे नाही. ते आपल्या संपादक मंडळांकडे आहे. कोणत्या नामाचे सामान्यरूप कसे होते, कोणता ऱ्हस्व-दीर्घ बदलतो, कोणता शब्द अपवाद आहे, हे व्याकरण जाणणाऱ्या माणसानेच ठरवले पाहिजे. ‘माळ्याला’ हे एकच रूप घ्या. ते ‘माळी’चे आहे की ‘माळा’चे? दोन्हींचे आहे, आणि म्हणून खिडकीत दोन्ही नोंदी दिसल्या पाहिजेत. निवड वाचक वाक्यावरून करील. ‘काढा’ हे औषधही आहे आणि आज्ञार्थही. असे शेकडो निर्णय शांतपणे बसून घ्यावे लागतील, आणि ते घेण्याचा अधिकार व पात्रता आपल्याकडे आहे.

लेखनपद्धतीचा प्रश्न याहून साधा आहे, पण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मोल्सवर्थ यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. दाते व कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांत ‘करणें’, ‘केळें’, ‘नांव’, ‘गांव’ असे अनुस्वारयुक्त लेखन आहे. आज आपण ‘करणे’, ‘केळे’, ‘नाव’, ‘गाव’ लिहितो. मनुष्य हा फरक वाचताना सहज ओलांडतो, पण यंत्राला तो दोन वेगळ्या शब्दांचा फरक वाटतो आणि शोध रिकामा परततो. त्याहून फसवी गोष्ट ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्याने’ अशा शब्दांतल्या अर्ध्या ‘र’ची. तो दोन प्रकारांनी टंकता येतो : एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरला जातो, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घातले जाते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. मी एकदा अर्धी दुपार ‘वाऱ्याने’ हा शब्द माझ्याच फाइलमध्ये सापडत का नाही, हे शोधण्यात घालवली. शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तरी यंत्र ‘नाही’ म्हणत होते. अखेर एकेक अक्षर खोडत गेले, तेव्हा एका जागी खोडण्याची कळ दाबूनही काहीच हलले नाही, आणि तेथे ते अदृश्य चिन्ह बसलेले आहे हे कळले. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. ते एक अखंड अक्षर म्हणून लिहिता येते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिता येते. कोश प्रसिद्ध करण्यापूर्वी अशी सर्व रूपे एकाच पद्धतीत आणणे, आणि दुसऱ्या पद्धतीची रूपे पर्यायी यादीत ठेवणे, हे एखाद्या जाणकाराचे काही दिवसांचे काम आहे.

आपल्यापैकी अनेकांनी कोश संकेतस्थळांवर ठेवले आहेत आणि त्याबद्दल माझ्यासारखे वाचक मनापासून कृतज्ञ आहेत. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थ, वझे, दाते-कर्वे आणि बर्नसन यांचे कोश शोधता येतील अशा स्वरूपात ठेवले आहेत, त्यांचाही मी वर्षानुवर्षे उपयोग केला आहे. परंतु संकेतस्थळावरच्या चौकटीत शब्द टाकून अर्थ पाहणे आणि शब्दापाशीच अर्थ उमटणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात शब्द उचलायचा, दुसरे पान उघडायचे, तेथे तो डकवायचा, मनातल्या मनात प्रत्यय सोडवून मूळ रूप करायचे, उत्तराची वाट पाहायची आणि मग परत येऊन आपली ओळ शोधायची. अनुवादक हे सहन करतो, कारण त्याचे ते काम आहे. बारा-तेरा वर्षांचे मूल ते दोनदा करते. तिसऱ्या वेळी शब्द ओलांडून पुढे जाते, आणि दहाव्या वेळी पुस्तकच मिटते.

काही कोश केवळ छायाचित्रांच्या पीडीएफ स्वरूपात आहेत. त्यांत शब्द निवडताच येत नाही. काही जुन्या फाँटांमध्ये टंकलेले आहेत. त्यांतला ‘पाणी’ उचलून दुसरीकडे डकवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ हाती येतो. ही माहिती वाया गेलेली नाही, पण ती कुलूपबंद आहे. जतन झाले म्हणजे उपयोग झाला, असे मानून आपण थांबू नये अशी माझी विनंती आहे.

बडोद्यातून हे लिहिताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहवत नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आज्ञेने १९३१ साली येथे श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी संज्ञांसाठी गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. कारकुनाच्या हाताशी शब्द असावा, म्हणजे कारभार लोकांच्या भाषेत चालेल, हा त्यामागचा विचार होता. याच राज्यात १९१० पासून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत्या ग्रंथालयांच्या रूपाने गावोगाव जाऊ लागल्या. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, ही रीत आमच्या गावाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. आज वाचक पडद्यासमोर बसलेला आहे. कोशाने तेथपर्यंत यावे, एवढेच मी मागते आहे.

माझ्या व्यवसायातही याची निकड किती आहे, ते सांगते. रावपुऱ्यातल्या एका वाड्याच्या वाटणीचे जुने मराठी कागद गेल्या वर्षी माझ्याकडे इंग्रजी अनुवादासाठी आले. त्यांत ‘वहिवाटदार’ हा शब्द वारंवार आला होता. सर्वसाधारण अर्थाने पाहिले तर वहिवाट करणारा, म्हणजे मालमत्ता उपभोगणारा किंवा तिची व्यवस्था पाहणारा. परंतु बडोदे राज्यात वहिवाटदार हा तालुक्याचा अधिकारी होता, जसा प्रांतावर सुभा असे. एकच कोश हाताशी असता तर एका सरकारी अधिकाऱ्याचा मी मालमत्तेतला हिस्सेदार करून टाकला असता, आणि तो कागद न्यायालयात जाणार होता. एका खिडकीत चार-पाच कोशांचे अर्थ एकाखाली एक दिसण्याची सोय ही अशा ठिकाणी चैनीची गोष्ट राहत नाही.

आमच्या शेजारभाषेकडे पाहा. गोंडलचे महाराज भगवतसिंहजी यांच्या प्रेरणेने सिद्ध झालेला भगवद्गोमंडल हा नऊ खंडांचा गुजराती ज्ञानकोश १९४४ ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. रतिलाल चंदरया या उद्योजकांनी अनेक वर्षे खपून २००६ साली गुजरातीलेक्सिकन लोकांसाठी खुले केले आणि पुढे भगवद्गोमंडलही संगणकावर शोधता येईल असे आणले. माझ्या वर्गातली मुले शाळेच्या गुजराती गृहपाठासाठी ते सहज वापरतात. मराठीची कोशपरंपरा गुजरातीपेक्षा कोणत्याही अर्थाने उणी नाही. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यापासून तिच्या प्राचीनतेबद्दल आपण सारेच अभिमानाने बोलतो आहोत. त्या प्राचीन शब्दसंपत्तीतला एक शब्द आठवीतल्या मुलीला वाचतावाचता कळावा, याची व्यवस्थाही त्याच अभिमानाचा भाग व्हावी.

उत्पन्नाची चिंता मी समजू शकते. कोश तयार करण्यास वर्षे लागतात, माणसे लागतात, आणि फाइल एकदा बाहेर गेली की तिच्या प्रती होतात. ज्या कोशांचे स्वामित्वहक्क संपले आहेत, ते तरी पूर्णपणे मोकळे करण्यास हरकत नसावी. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो हक्क संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले कोश निःसंशय सर्वांचे आहेत. नव्या कोशांच्या फाइलींना आपण किंमत लावावी. छापील खंडांसाठी मी पैसे मोजले आहेत, फाइलींसाठीही आनंदाने मोजीन, आणि माझ्या ओळखीचे सगळे अनुवादक मोजतील. फक्त ती फाइल संस्थेच्या स्वतःच्या वेगळ्या ॲपमध्ये बांधून ठेवू नये. ॲप बंद पडते, नव्या संगणकावर चालेनासे होते, आणि कोश त्याच्याबरोबर बुडतो. टॅबने विभागलेल्या दोन रकान्यांची साधी मजकूर फाइल, एका बाजूस शब्द आणि दुसऱ्या बाजूस अर्थ, ही पंचवीस वर्षांनीही उघडेल, आणि तिच्यावरून स्टारडिक्टची फाइल कोणताही जाणकार काही मिनिटांत करू शकतो.

चुकांची भीती बाळगून हे काम लांबवू नये, असेही मला वाटते. रूपांची यादी पहिल्या दिवशी पूर्ण होणार नाही. नेहमीच्या वापरातल्या दोन हजार नामांची आणि पाचशे क्रियापदांची रूपे जरी प्रथम आली, तरी माझ्या वर्गातल्या मुलांच्या रिकाम्या खिडक्या निम्म्याने कमी होतील. उरलेले वाचक कळवत जातील; कळवण्यासाठी एक पत्ता आणि वर्षातून एकदा सुधारलेली फाइल, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

त्या रविवारपासून मी वर्गात एक वही ठेवली आहे. मुलांनी निवडलेला आणि खिडकीत न सापडलेला प्रत्येक शब्द तिच्यात डाव्या बाजूला उतरवला जातो आणि उजव्या बाजूला आम्ही सगळे मिळून त्याचे मूळ रूप लिहितो. ‘ओवरीत’पासून सुरू झालेली ती यादी आता सहाशेच्या पुढे गेली आहे. त्यातली रूपे मी तपासून टंकली आहेत, अर्धा ‘र’ सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिला आहे आणि ज्या रूपांची दोन मुळे निघतात त्यांपुढे खूण केली आहे. ज्या संस्थेला ती हवी असेल तिने केवळ कळवावे. मी फाइल त्याच दिवशी पाठवीन आणि वहीची छायाप्रत टपालाने रवाना करीन. आपल्या कोशाची एखाद्या अक्षराची, ‘क’ची किंवा ‘प’ची, नोंदींची फाइल आपण चाचणीसाठी दिलीत, तर तिची रूपे लावून, वर्गात वापरून आणि सापडलेल्या उणिवा नोंदवून तीन महिन्यांत परत करण्याची जबाबदारी मी घेते.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली नम्र,
एक अनुवादक व मराठी वाचनवर्गाची शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे